भित्र्याची उडी

कार्निव्हलच्या मंगळवारी कळपातल्या उंच मानेच्या लामांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवून झाले, धरणीमायच्या वाट्याचा दारूचा घोट मातीत ओतून झाला, आणि सगळी गोठ्याच्या दगडी भिंतीआड वाऱ्याला पाठ देऊन जेवायला टेकली, तेव्हा कासियानोने सांगून टाकलं, "या लामांचा हा शेवटचा सण."

पुढचा घास कोणी घेतला नाही.

"शेवटचा म्हणजे?" दोमितिलाने विचारलं. पस्तीस वर्षं ती या माणसाची बायको होती आणि तेवढीच वर्षं या कळपामागे चालत होती. तिच्या बोटांना अजून तांबड्या लोकरीचा रंग लागलेला होता.

"म्हणजे विकायच्या. एकशे तीसच्या एकशे तीस. त्या चरतात तो सगळा माळ नांगराखाली घ्यायचा आणि क्विनोआचा दाणा पेरायचा. ट्रॅक्टरसाठी बँकेचे कागद पोरीने, नेल्वाने, आणलेत. आणि कोठीतलं क्विनोआचं एक पोतंही आत्ता हलवायचं नाही. आज पोत्याला दोन हजार शंभर बोलिव्हियानो मिळतायत. तीन हजार झाल्याशिवाय कोठीचं दार उघडायचं नाही."

धाकटा भाऊ रुफिनो टाळी वाजवत उठला. "आता कसं बोललास, दादा! तीन वर्षं मी घसा कोरडा करतोय." ओरुरोत मिनीबस चालवणारा रुफिनो भाव वाढू लागला तसा गावी परतला होता. आल्या आल्या त्याने शेजारच्या ओर्तेगा मंडळींशी बांधावरून दगडफेकही करून घेतली होती. त्याच्यात नवल काही नव्हतं. रुफिनोला कशाचीही हवा लागली की तो उडायचा. कधी चिलीतले जुने टायर, कधी कुणा कंपनीची ताकदीची पावडर.

बासिलिया मात्र आपल्या थोरल्या भावाकडे बघत राहिली.

कासियानो आयाविरी हा शिडीवर चढण्याआधी तिचा प्रत्येक पाय हलवून बघणारा माणूस. गाठ मारली की तिच्यावर दुसरी गाठ. लोक हसायचे, पण त्याला कारण होतं. पंच्याऐंशी साली, नोटांना कागदाची किंमत उरली नव्हती त्या वर्षी, बापाच्या सांगण्यावरून त्याने साठ लामा शुक्रवारी विकल्या होत्या. नोटा दोन दिवस घरात ठेवून सोमवारी तो त्या पोतंभर घेऊन दुकानात गेला, तर त्यात साखरेच्या चार गोण्या आल्या. बापाने त्याला शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तेव्हापासून तो ताकही फुंकून प्यायचा. बँकेच्या पायरीवर त्याने कधी पाय ठेवला नव्हता. क्विनोआच्या भावाने सगळं गाव वेडं झालं, तरी गेली चार वर्षं तो एकच वाक्य बोलत होता, "चढलेलं उतरतं." नोटांवर भरवसा नाही म्हणून धान्य तेवढं कोठीत साठवत होता.

आणि आज तोच माणूस बँकेचे कागद मांडीवर घेऊन तीन हजारांची वाट बघायला सांगत होता. त्याचे डोळे चमकत होते. बासिलियाने ते डोळे असे कधी बघितले नव्हते, त्याच्या लग्नातसुद्धा नाही.

दोमितिला ताट तसंच ठेवून गोठ्याकडे गेली. थोड्या वेळाने बासिलियाही गेली.

"तुझं ऐकतो तो," दोमितिला लामांकडे बघतच म्हणाली. "बाजारात बसतेस तू, चार लोक बघतेस. सांग त्याला. यांची लेंडी नसेल तर त्या माळात काय उगवणार? वाळू आहे नुसती. वरचं गवत काढलं की वाऱ्याबरोबर जाईल."

"सांगते, वहिनी."

"मी तुझ्या मागे आहे. नेल्वाचं मी बघते."

बासिलिया चायापाताच्या बाजारात वीस वर्षं धान्य घेत-विकत होती. खेड्यांतून येणाऱ्या बायकांकडून पोतं-दोन पोती घ्यायची, गाडी भरली की ओरुरोच्या मोठ्या व्यापाऱ्याला द्यायची. लहानपणी याच क्विनोआचा डबा शाळेत लपवून खायला लागायचा, कारण भात खाणारी पोरं हसायची. आता विमानातून लोक येत होते आणि क्विनोआच्या कणसाशेजारी उभे राहून फोटो काढत होते. गेल्या दोन महिन्यांत तिने बाजारात जे बघितलं होतं त्याचा तिला नीट अर्थ लागत नव्हता. गावच्या मास्तरांनी नोकरी सोडली होती. चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा तिच्याकडून पाच पोती *विकत* घेऊन गेला होता, साठवायला. ज्या बायका माल घालायला यायच्या त्याच आता माल मागायला येत होत्या. पूर्वी लोक तिला भाव विचारायचे. आता तिलाच भाव सांगायचे, आणि वर कीव आल्यासारखं हसायचे.

ती स्वतः तरी कुठे कोरडी होती? मागच्याच आठवड्यात ती ओरुरोत एक जागा बघून आली होती. तिथे चार मजली इमारत बांधायची आणि तिला हिरव्या काचा बसवायच्या. कुठल्या मजल्यावर कोणाला भाडेकरू ठेवायचं हेसुद्धा बसमध्ये बसल्या बसल्या ठरवून झालं होतं. म्हणून हसायचा अधिकार तिला नव्हता.

शिवाय एकदा तिचं चुकलं होतं. तीन वर्षांपूर्वी भाव आठशेवर गेला, रुफिनो नाचायला लागला, तेव्हा "हे आता संपलं" म्हणून तिने घाईने आपला माल काढला होता. त्यानंतर भाव दुपटीहून वर गेला. घरात तेव्हापासून तिचं नाव "घाईची बासिलिया" पडलं होतं. त्या चुकीवर तिने खूप विचार केला होता. नाचणारे नाचले त्यावरून काही कळत नाही, ते नाचतच असतात. पण जो जन्मात नाचला नाही तो उठून नाचायला लागला, की मग बाहेर बघत उभं राहणारं कोणी उरलेलं नसतं. सगळ्यांनी घेऊन झालेलं असतं. यापुढे घ्यायला यायचं कोणी?

दोमितिलाबरोबर भिंतीआड परत येऊन ती कासियानोसमोर बसली.

"दादा, लामा राहू देत. माळ राहू दे. आणि कोठीत आहे ते सगळं या आठवड्यात विकून टाकू."

रुफिनो मोठ्याने हसला. "आली बाई घाईची! अक्का, अगं, अख्खं जग क्विनोआ खायला बसलंय आणि तू ताटं उचलायला निघालीस?"

"सगळं?" कासियानोने शांतपणे विचारलं. "तीन वर्षांचं?"

"सगळं. खायला ठेवून बाकी सगळं."

"का?"

तिची नजर त्याच्या मांडीवरच्या कागदांवर गेली.

"बाजारात काही ऐकलंस?"

"सगळे चढणारच म्हणतात."

"मग?"

आता कासियानोची मुलगी नेल्वा मध्ये पडली. ओरुरोत शिकलेली, शेतकऱ्यांच्या संघात हिशेब बघणारी. आईने तिला मघाशी गोठ्याजवळ काहीतरी सांगितलं होतं, त्यामुळे बापाच्या बाजूची ती आता निम्मी आईकडे वळली होती. ती म्हणाली, "आत्या, कारण सांग. मी बाबांना समजावते. पण काहीतरी धरायला दे मला. काय कळलंय तुला?"

कारण समोरच बसलं होतं. मांडीवर बँकेचे कागद, टोपीवर सणाचे कागदी तुकडे, डोळ्यांत ती चमक. सणाच्या दिवशी, बायकोमुलीदेखत, थोरल्या भावाला कसं सांगायचं, की दादा, कारण तू आहेस? तू गावातला सगळ्यांत भित्रा माणूस आहेस, आणि तूही उडी मारलीस, यावरूनच मला कळलं?

"मन म्हणतंय," बासिलिया म्हणाली.

"मन!" रुफिनो म्हणाला. "मनाला तीन वर्षांपूर्वी काय म्हणायचं होतं ते आम्ही बघितलं."

कासियानोने टोपी काढून कागदी तुकडे झटकले. "बासी, आयुष्यभर मी मागे राहिलो. लोकांनी जीपगाड्या घेतल्या, मी बघत बसलो. बाबा गेले तेव्हाही त्यांच्या मनात त्या साठ लामाच होत्या, मला माहीत आहे. एकदा, फक्त एकदा, मला पुढे जाऊ दे. तू माझ्या बाजूने बोलशील असं वाटलं होतं."

तिचा जीव गलबलला. त्याच क्षणी गप्प बसली असती तर पुढची अडीच वर्षं वेगळी गेली असती. पण आतली भीती जास्त मोठी होती.

"मग माझा वाटा मला काढून दे," ती म्हणाली.

बाप गेल्यापासून तिघा भावंडांची कोठी एकच होती. कुणाचं किती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मध्ये भिंत कधी घातली नव्हती. बापाने मरताना एवढंच मागितलं होतं.

पहिली उसळली ती दोमितिला. "लामा वाचव म्हटलं होतं मी तुला! घर मोड म्हटलं नव्हतं! धरणीमायला घोट पाजून तास झाला नाही आणि सणाच्या दिवशी वाटणी मागतेस?"

"वहिनी, मी…"

"तू व्यापारी आहेस, बासिलिया. शेवटी व्यापारीच राहिलीस." ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली. "विक कळप," ती त्याला म्हणाली. "विकायचा तर विक. निदान आपण एकत्र तरी असू."

कासियानो उठला, कोठीकडे गेला आणि दार उघडलं. "घेऊन जा," तो म्हणाला. "एकही पोतं कमी घेऊ नकोस."

पोती गाडीत चढवायला नेल्वा एकटी तिच्या मदतीला आली.

बासिलियाने आपली एकशे तीस पोती चायापाताला दोन हजार शंभरने घातली. घेणाऱ्यांची रांग लागली होती. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने आणखी चार नेली, आणि त्याच्या हातात पोतं देताना तिला त्याच्या डोळ्याला डोळा देववला नाही. दीड महिन्याने भाव तेवीसशे झाला. रुफिनोने मुद्दाम फोन केला. "अक्का, आज तुझं किती गेलं सांगू?" तिने फोन ठेवला. रात्री झोप आली नाही, आणि ती काही चढलेल्या दराच्या काळजीने नव्हे. आपण चुकलो असू तर घर फुकट मोडलं, हा विचार पाठ सोडत नव्हता.

त्याच सुमारास लामा गेल्या. सगळीकडचेच लोक कळप काढत होते, त्यामुळे मातीमोल भावाने ओरुरोच्या खाटकांनी नेल्या. बासिलियाकडे तेव्हा पैसा होता. निम्म्या तरी माद्या तिला सहज घेता आल्या असत्या. ट्रक बाजारातून गेला तेव्हा ती दुकानाच्या दारात उभी होती. कानांतले गोंडे ओळखूनही तिने हात वर केला नाही. अपमान ताजा होता. पुढे कितीदा तरी तिला वाटलं, भाव ओळखला त्यात आपली कसली हुशारी; त्या दिवशी ट्रक थांबवला असता तर ती खरी हुशारी झाली असती.

मग उतार लागला. पेरू देशाच्या किनाऱ्यावर पाणी देऊन वर्षातून दोनदा पीक काढतात म्हणे, ही बातमी बाजारात आली, आणि लोक म्हणाले, त्यांचा दाणा बारीक, आपल्याला काय. भाव सोळाशे झाला तेव्हा लोक म्हणाले, परत चढेल. हजार झाला तेव्हा चिडले. सहाशेला गप्प झाले. रुफिनो तर नऊशेलाच आपला वाटा फुंकून मिनीबसवर परत गेला आणि सगळ्यांना सांगत सुटला की त्याला आधीपासूनच संशय होता. कासियानो थांबला. त्याने तीन हजारांचा शब्द स्वतःला दिला होता, आणि एकदा उडी मारलेल्या भित्र्याला मागे फिरणं जमत नाही. नव्या माळाने पहिल्या वर्षी बरं पीक दिलं, दुसऱ्या वर्षी निम्मं. मग ऑगस्टचा वारा आला आणि वरची माती उचलून मिठाच्या मैदानाकडे घेऊन गेला.

हे सगळं बासिलियाला नेल्वा सांगायची, आईपासून लपून, फोनवर. दोमितिलाने अडीच वर्षांत तिचं नाव घेतलं नव्हतं.

सप्टेंबरात, पेरणीच्या तोंडावर, एका सकाळी चायापातातल्या तिच्या दुकानासमोर ट्रक थांबला आणि कासियानो उतरला. तो वाळला होता. बूट फाटलेले होते. मागे बँकेचे हप्ते भागवून उरलेली नव्वद पोती होती.

"घे," तो दारातूनच म्हणाला. "भाव विचारत नाही. तुला वाटेल ते दे."

"दादा, आत ये."

"सगळी घे. यापुढे मी हा दाणा पेरणार नाही. शेतात पाय टाकणार नाही. ट्रॅक्टर बँकेला नेऊ दे. नेल्वाकडे जाऊन राहीन, रात्रपाळीचा पहारेकरी होईन. हे पीक मेलं, बासी. कोणी फुकट नेणार नाही याला."

त्या महिन्यात असं बोलणारा तो पहिला नव्हता. साडेतीनशे भाव होता. लोक बियाणंसुद्धा विकत होते. मास्तर परत शाळेत गेले होते. आणि त्याच्या विझलेल्या डोळ्यांकडे बघताना बासिलियाच्या डोक्यात आपोआप सरकलं, दादाचाही धीर सुटला. म्हणजे तळ लागला. विचार पुरा होण्याआधीच तिला स्वतःची शिसारी आली.

"सगळी विकू नकोस," ती म्हणाली. "बँकेचा हप्ता भागेल एवढीच काढ. तीस पोती. बाकीची माझ्या गोदामात ठेव. आणि पेर. माळ सोड, पण डोंगराच्या उतारावरचं बाबांचं शेत पेर."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तेव्हा विक म्हणालीस तेव्हा सगळे घे म्हणत होते. आज सगळे विकतायत आणि तू ठेव म्हणतेस. तेव्हाही तुला कळलं होतं. कसं?"

"बाजारात बसलं की कळतं."

"खोटं बोलू नकोस. नेल्वाने विचारलं होतं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मी अडीच वर्षं आठवतोय ते. काय बघत होतीस?"

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. बासिलियाने हातातलं माप खाली ठेवलं.

"तुलाच बघत होते, दादा. नुसता रुफिनो ओरडला असता तर मी लक्ष दिलं नसतं. तू बोललास. तू, जो दोन गाठी मारतोस. मला वाटलं, हाही निघाला, तर आता मागे कोणी राहिलं नाही. तुझ्यावरून मी विकलं."

कासियानो पोत्यांच्या थप्पीला टेकला. मग त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला, जसं तिथे काही लिहिलेलं होतं आणि ते त्याला एकट्यालाच वाचता येत नव्हतं.

"म्हणजे माझं तोंड बघून तू स्वतः वाचलीस," तो म्हणाला. "आणि मला सांगितलं नाहीस."

"विक म्हणाले होते मी."

"विक म्हणालीस. *का* ते नाही म्हणालीस."

"वहिनी होती. नेल्वा होती. तुला भित्रा म्हणायचं, तेही सणाच्या दिवशी? तू ऐकलं असतंस?"

"नाही," तो म्हणाला. "हाकलून दिलं असतं तुला. वर्षभर तोंड बघितलं नसतं." तो थांबला. "पण मग घरी बसून विचार केला असता. मी विचार करणारा माणूस आहे, बासी. सांगायला हवं होतंस."

ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलं नाही.

"आणि आत्ता?" त्याने विचारलं. "आत्ता काय दिसतंय माझ्या तोंडावर? बघ ना. बाजाराला उपयोगी पडेल असं काय आहे?"

तिने बघितलं. पांढरे झालेले दाढीचे खुंट, वाऱ्याने फाटलेले ओठ, बापासारखी खाली आलेली उजवी भुवई. ती बघत राहिली, आणि पोत्याचा भाव डोक्यातून हळूहळू निघून गेला.

"दिसतंय की काल दुपारपासून तू काही खाल्लेलं नाहीस," ती म्हणाली.

ट्रकवाल्याला तिने थांबायला सांगितलं. चुलीवर क्विनोआची घट्ट पेज होती, तिच्यात चीज कुस्करून तिने वाडगा त्याच्यापुढे ठेवला. तो पोत्यावर बसून, मान खाली घालून खात राहिला. दुसऱ्यांदा वाढ म्हणाला तेव्हा तिने वाढलं. मग दोघांनी मिळून तीस पोती उतरवून मापली आणि साठ मागच्या गोदामात, तिच्या मालापासून वेगळी, भिंतीला लावून ठेवली. तो भाव पुढे कधी दोन हजारांवर गेला नाही. दोन वर्षांनी आठशेच्या आसपास टेकला, आणि तेवढ्यावर डोंगरउतारावरचं शेत पोसलं गेलं. दोमितिला दुकानात यायला मात्र आणखी एक कार्निव्हल जावा लागला.

त्या दिवशी ट्रकमध्ये चढण्याआधी कासियानो मागे वळला. त्याच्या आवाजात पुन्हा थोरल्या भावाची जरब आली होती.

"यापुढे एक लक्षात ठेव. तोंड बघून जे कळेल ते तोंडावर सांगायचं."

"सांगेन, दादा."

"आणि गोदामाचं कुलूप दोनदा ओढून बघ," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.